जावाच्या नव्या व्हर्जनसाठी मुलीला पुण्याला पाठवू का?

सोलापूरच्या अशोक चौक भागातल्या एका यंत्रमागधारक वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात प्रॅक्टिकल जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या ८ व्या व्हर्जनवर होतात. पुण्याच्या एका क्लासने सांगितलं, "ते बाद झालं, जावा २५ शिकल्याशिवाय नोकरी नाही." सुट्टीत तिला तिकडे ठेवावं का, आणि नवं व्हर्जन आलं की दरवेळी हा खर्च करायचा का, असं ते विचारतात. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात बदलणारं साधन, ते बनवण्याच्या कामात वाव आहे का, हा मुलीचा प्रश्न.

सप्रेम नमस्कार.

या कारणासाठी पाठवू नका.

क्लासवाले अगदीच खोटं बोलत नाहीत. जावा ८ हे २०१४ चं आणि २५ हे सप्टेंबर २०२५ चं. २०१८ पासून दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये नवं व्हर्जन येतं. पण कंपन्या दर सहा महिन्यांनी बदलत नाहीत. बहुतेक जणी ८, ११, १७, २१, २५ अशा दीर्घ मुदतीचा सपोर्ट मिळणाऱ्या व्हर्जनवर थांबतात, आणि कित्येकांचं जुनं काम आजही ८ वरच चालू आहे. मागाला इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बसवला म्हणून विणकराला ताणा-बाणा नव्याने शिकावा लागत नाही, तसंच हे.

भाषेत भर पडते ती जपून. अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या 'स्विच'ची नवी रचना १२ आणि १३ मध्ये चाचणीपुरती होती, १४ मध्ये कायम झाली. काढून टाकायला तर त्याहून वेळ लागतो. थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम, मध्येच थांबवणारी 'स्टॉप' मेथड वापरू नका, असं १९९८ पासून सांगितलं जात होतं. ती प्रत्यक्ष निकामी झाली २०२३ मध्ये, जावा २० ला. सरकारी नोटिशीलाही इतकी मुदत नसते! अर्थात सगळंच इतकं सावकाश नसतं. एक्सएमएल या स्वरूपातला डेटा हाताळायचं जॅक्सबी हे साधन जावा ९ मध्ये 'जाणार' म्हणून जाहीर झालं आणि वर्षभरात ११ मध्ये गेलंही. ज्यांनी मधल्या वॉर्निंग वाचल्या नव्हत्या, त्यांचे प्रोजेक्ट अडकले.

खरी गंमत असते ती कोड तोच असून वागणूक बदलते तिथे. मुलीला घरीच हे करून बघू द्या. ओपनजेडीकेची, म्हणजे जावाच्या खुल्या आवृत्तीची, ८ आणि २१ ही दोन्ही व्हर्जन फुकट मिळतात, एकाच लॅपटॉपवर सुखाने नांदतात. नोटपॅडमध्ये फक्त 'सोलापूर' लिहून फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी साठवू शकणाऱ्या पद्धतीत, सेव्ह करायची. जावातल्या फाइलरीडर या तयार साधनाने ती ओळ वाचून तिची लांबी छापायची. साध्या इंग्रजी विंडोजवर जावा ८ सांगेल २१, आणि जावा २१ सांगेल ७. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही. ७ बरोबर आहे: काना-मात्रा-उकार धरून तितकीच चिन्हं. प्रत्येक चिन्हाला फाइलमध्ये तीन बाइट लागतात आणि जुनं व्हर्जन विंडोजच्या इंग्रजी कोडपेजप्रमाणे (अक्षरांच्या तक्त्याप्रमाणे) एकेक बाइट वेगळं अक्षर समजून मोजतं. जावा १८ पासून यूटीएफ-८ हाच ठरलेला पर्याय झाला. हा बदल का केला याचं सविस्तर टिपण ओपनजेडीकेच्या साइटवर जेईपी (जावातल्या बदलाचा प्रस्ताव) ४०० या क्रमांकाने आहे. ते तिने स्वतः वाचावं, इंग्रजी अवघड वाटलं तरी. मुलाखतीत "व्हर्जन बदलल्यावर काय तुटू शकतं?" असं विचारलं तर तिच्याकडे स्वतः पाहिलेलं उदाहरण असेल. पाठ केलेली नव्या फीचरची यादी मी तरी मुलाखतीत फारशी मोजत नाही.

पुढची सवय म्हणजे वॉर्निंग न लपवणं. कंपायलरला जास्तीच्या वॉर्निंग दाखवणारा 'एक्सलिंट' पर्याय देऊन कॉलेजचेच जुने प्रोग्राम २१ वर चालवावेत आणि आलेली प्रत्येक वॉर्निंग समजून घ्यावी. सुट्टीला तेवढं काम पुरे आहे.

आता तिचा प्रश्न. कंपायलरचं काम आहे, पण जागा थोड्या आणि तयारी मोठी. सी++, डेटा स्ट्रक्चर, कॉम्प्युटर आर्किटेक्चर पक्कं हवं. अभ्यासक्रमात कंपायलरचा विषय येईल तेव्हा तो पासिंगपुरता करू नये. सोबत एलएलव्हीएम या कंपायलर बनवण्याच्या खुल्या साधनसंचाचं 'कॅलिडोस्कोप' हे मोफत ट्युटोरियल करावं, त्यात छोटी भाषा शून्यापासून बांधतात. ते संपवूनही तिला आणखी करावंसं वाटलं, तर गेट या प्रवेश परीक्षेची तयारी आणि एमटेक या वाटेचा विचार करू. तेव्हा मात्र गाव सोडावं लागेल, आणि त्या खर्चाला मी नाही म्हणणार नाही.