'इम्युनिटी'ला मराठीत काय म्हणायचं: सूट, माफी, अभय की आणखी काही?

प्रश्न आलाय इथल्याच, इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा. त्यांच्या मुलीला वादविवाद स्पर्धेचा विषय मिळाला तो हिंदीत, "क्या पूर्व राष्ट्रपतियों को आपराधिक मुकदमों से उन्मुक्ति मिलनी चाहिए", आणि बोलायचंय मराठीत, म्हणून तिने स्वतःच तो मराठी केला, "पूर्व राष्ट्रपतींना अपराधिक मुकदम्यांपासून प्रतिरक्षा मिळाली पाहिजे का". आजोबांनी वाचलं आणि म्हणाले, पूर्वेचे म्हणजे कुठले गं, कलकत्त्याचे? मुलगी रुसली. ताई विचारतायत की 'प्रतिरक्षा' चुकलं असेल तर मग बरोबर काय, कारण शब्दकोशात इम्युनिटीसमोर पाच शब्द दिलेत आणि पाचही वेगवेगळे वाटतायत.

वाटतायत नाही, आहेतच वेगवेगळे, आणि गंमत अशी की यातला कुठला घेता त्यावर अर्धा वाद आधीच जिंकला किंवा हरला जातो.

आधी सोपं उरकून घेऊ. 'पूर्व' नको, 'माजी' म्हणा. आपल्याकडे नगर निगमच्या बोर्डांपासून पेपरांपर्यंत सगळीकडे 'पूर्व महापौर', 'पूर्व विधायक' दिसतं म्हणून इंदूरच्या मराठी घरांतही ते शिरलंय, पण मराठीत पूर्व ही दिशाच जास्त. 'राष्ट्रपती' हा शब्द मराठीत आपल्या दिल्लीवाल्यांसाठी, अमेरिका-फ्रान्सच्या माणसाला 'राष्ट्राध्यक्ष' म्हणायची पद्धत आहे, हिंदीत दोघांनाही राष्ट्रपतीच म्हणतात म्हणून घोळ होतो. विषय ट्रम्प यांनी अमेरिकेच्या कोर्टात खटल्यापासून जी इम्युनिटी मागितली त्यावरून निघालेला दिसतो, म्हणून इथे 'राष्ट्राध्यक्ष'. 'अपराधिक मुकदमा' म्हणजे 'फौजदारी खटला'. (खटला शब्दावर एकदा वेगळं लिहायचंय, कारण कोर्टातला तो खटला आणि घरात पंधरा माणसं, पाहुणेरावळे असले की आजी म्हणायची ते 'एवढं मोठं खटलं' हे बघायला अगदी भाऊ-बहीण दिसतात. असो.)

आता मुख्य शब्द. 'प्रतिरक्षा' तर नकोच, आणि 'रोगप्रतिकारशक्ती' तर अजिबात नको. कोरोनाच्या दोन वर्षांत काढे पिऊन पिऊन इम्युनिटी म्हणजे शरीराची ताकद हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की हा शब्द मुळात कायद्याचा आहे आणि डॉक्टरांनी तो नंतर उसना घेतला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. लॅटिनमध्ये 'मुनुस' म्हणजे अंगावरचं सार्वजनिक काम, कर, सेवा, आणि ज्याच्यावर ते ओझं नाही तो 'इम्युनिस'. ज्यांनी ते ओझं घेतलं त्यांच्यावरून पुढे 'म्युनिसिपल' आलं. म्हणजे आपली म्युनिसिपाल्टी आणि ट्रम्पसाहेबांची इम्युनिटी एकाच मुळाची, एकाने भार उचललाय आणि दुसऱ्याला तो नकोय.

सूट. हा शब्द मला या ठिकाणी आवडत नाही. राजवाड्यासमोरच्या कपड्यांच्या दुकानांवर दिवाळीत लागते ती सूट. सूट म्हणजे मूळ रक्कम लागूच आहे पण थोडी कमी करून दिली, आणि देणारा खूश होऊन देतो. बिलात सूट, वयात सूट, हे ठीक. खुनाच्या आरोपात सूट म्हटलं की दहा टक्के की वीस टक्के असं विचारावंसं वाटतं.

माफी. हा तर सरळ चूक आहे, कारण माफी ही गुन्ह्यानंतरची गोष्ट. इथे अमेरिकेचाच दाखला घ्या, कारण मुलीला तो कामाला येईल. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन वॉटरगेटमध्ये, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीच्या भानगडीत, सापडले, ९ ऑगस्ट १९७४ ला पायउतार झाले, आणि ८ सप्टेंबरला त्यांच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी देऊन टाकली, खटला उभा राहायच्याही आधी. आता विचार करा, माजी राष्ट्राध्यक्षावर खटला होऊच शकत नाही असं तेव्हा सगळे धरून चालले असते तर ती माफी द्यायची आणि घ्यायची गरज काय होती? म्हणजे माफी हा शब्द जिथे येतो तिथे इम्युनिटी नव्हती असंच सिद्ध होतं. एकाला दुसऱ्याचा प्रतिशब्द करणं म्हणजे छत्रीला रेनकोट म्हणण्यासारखंही नाही, पाऊस पडून गेल्यावर टॉवेलला छत्री म्हणण्यासारखं आहे.

आपल्याकडे मात्र 'माफ' चा एक वापर आहे जो या विषयाला चिकटून बसलाय, तो म्हणजे 'त्याला काय, सात खून माफ'. लाडावलेल्या पोरापासून साहेबाच्या मेहुण्यापर्यंत कुणालाही हे लावतात. ते माफीबद्दल नाहीच, ते आधीपासून मिळालेल्या परवान्याबद्दल आहे, म्हणून बोलीत इम्युनिटीचा सगळ्यात जवळचा शब्द मला विचाराल तर हाच आहे. जानेवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात एका न्यायाधीशबाईंनी ट्रम्प यांच्या वकिलाला अगदी हाच प्रश्न विचारला होता, की राष्ट्राध्यक्षाने नौदलाच्या कमांडोंना सांगून आपल्या राजकीय विरोधकाला मारलं तर त्याच्यावर खटला चालेल का. वकिलाचं उत्तर साधारण असं, की चालेल, पण आधी संसदेत महाभियोग होऊन तो दोषी ठरला तरच.

इथेच 'महाभियोग' बद्दल सांगून टाकतो, कारण मुलगी तो शब्द नक्की वापरणार आणि तो फसवा आहे. अभियोग म्हणजे आरोप, खटला, मग महाभियोग म्हणजे मोठा खटला, असं नावावरून वाटतं. तसं नाही. महाभियोगात खुर्ची जाते, तुरुंग मिळत नाही. अमेरिकेच्या घटनेत पहिल्या कलमातच लिहिलंय की शिक्षा पदावरून काढण्यापलीकडे आणि पुढे पद न मिळण्यापलीकडे जाणार नाही, पण त्या माणसावर नंतर नेहमीच्या कायद्याने खटला चालू शकेल. आपल्याकडेही राष्ट्रपतींवरचा महाभियोग फक्त संविधानाच्या उल्लंघनासाठी, कलम ६१. नाव मोठं पण काम नोकरीवरून काढण्याचं.

अभय. हा शब्द सुंदर आहे यात वादच नाही. अभयदान, अभयहस्त, जुन्या कागदांतलं अभयपत्र, आणि हेडलाइनमध्ये तीन अक्षरांत बसतो म्हणून संपादकांना फार प्रिय. पण अभय द्यायला कुणीतरी मोठा लागतो. देव भक्ताला, राजा शरण आलेल्याला. आणि इथे तर राजालाच हवंय, मग देणार कोण? ट्रम्प यांच्या त्याच प्रकरणात १ जुलै २०२४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असा जो निकाल दिला त्यात नेमकं काय ठरलं बघा: घटनेने राष्ट्राध्यक्षाच्याच हाती दिलेल्या मूळ अधिकारांबाबत पूर्ण इम्युनिटी, बाकीच्या सरकारी कामांबाबत निदान गृहीत धरलेली इम्युनिटी, म्हणजे ती आहे असं धरून चालायचं आणि सरकारी वकिलाने ती खोडून काढायची, आणि खासगी कृत्यांना काहीच नाही. म्हणजे तीन पायऱ्या आहेत. 'कोर्टाने अभय दिलं' म्हटलं की या तिन्ही सपाट होतात आणि वाचणाऱ्याला वाटतं माणसाला सोडून दिलं. तो निकाल मलाही पटलेला नाही, विरोधात लिहिणाऱ्या न्यायाधीश सोटोमायोर यांनी राष्ट्राध्यक्ष आता कायद्याच्या वरचा राजा झाला असं म्हटलं ते मला जास्त पटतं, पण न पटलेल्या निकालाचंही भाषांतर नीट व्हायला पाहिजे ना. त्याच वर्षी ३० मे ला न्यूयॉर्कमध्ये ज्युरीने ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी धरलं होतं, त्याची शिक्षा जानेवारी २०२५ मध्ये सुनावली गेली, दंड नाही तुरुंग नाही पण दोषी हा शिक्का राहिला. अभय असतं तर हे झालं असतं का?

तर मग संस्कृतात काही आहे का, असं कुणीतरी विचारणारच. आहे, आणि अगदी नेमका आहे: 'अदंड्य', ज्याला दंड करता येत नाही तो. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात राज्याभिषेकाच्या विधीत राजाच्या पाठीवर गपचूप काठ्या मारतात आणि त्यामुळे तो अदंड्य होतो असं म्हटलंय, म्हणजे आयुष्यभराचा मार एकदाच खाऊन घ्यायचा. आणि मनुस्मृतीत याच्या बरोबर उलट, जिथे साध्या माणसाला एक कार्षापण (जुनं नाणं) दंड तिथे राजाला हजार. हा वाद इतका जुना आहे. मुलीने 'अदंड्य' एकदा भाषणात वापरावा, परीक्षक खूश होतील, पण विषयाच्या वाक्यात घालू नये, समोरच्यांना कळणार नाही.

आता 'उन्मुक्ती'. हिंदी संविधानात खासदारांच्या संदर्भात 'विशेषाधिकार और उन्मुक्तियां' असं आहे, त्यामुळे हिंदीत तो शब्द रुजू आहे. मराठी कानाला मात्र उन्मुक्त म्हटलं की केस सोडून धावणारं कुणीतरी दिसतं. आणि राष्ट्रपतींसाठी जे कलम ३६१ आहे त्याच्या शीर्षकात तर इंग्रजीतही इम्युनिटी नाही, 'प्रोटेक्शन' आहे, हिंदीत 'संरक्षण'. (त्या शीर्षकात राष्ट्रपती, राज्यपाल आणि 'राजप्रमुख' असे तिघे आहेत. राजप्रमुख म्हणजे विलीन संस्थानांच्या राज्यांचे राज्यपालासारखे प्रमुख, ते १९५६ मध्ये संपले, शीर्षकात अजून आहेत. आपल्या तेव्हाच्या मध्य भारत राज्याचे राजप्रमुख ग्वाल्हेरचे शिंदे होते आणि उपराजप्रमुख आपले होळकर, तेव्हा इंदूरकरांनी हे कलम जरा आपुलकीने वाचायला हरकत नाही.)

मला पटतो तो हाच शब्द, संरक्षण, आणि तोही एकटा नाही, 'खटल्यापासून संरक्षण'. कारण संरक्षण म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणाचं आणि कधीपर्यंत. कलम ३६१ त्याचं सरळ उत्तर देतं: फौजदारी कारवाई सुरू करायची नाही आणि चालू ठेवायची नाही, पण पदावर असेपर्यंत. म्हणजे खरं तर ते लांबवणं आहे. कल्याणसिंह राजस्थानचे राज्यपाल होते तेव्हा बाबरी प्रकरणात त्यांच्यावर आरोप ठेवायचे थांबले, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते पदावरून उतरले आणि त्याच महिन्यात कोर्टाने आरोप निश्चित केले. पुढे ३० सप्टेंबर २०२० ला सगळ्यांसोबत ते निर्दोष सुटले. निकाल काय लागला तो वेगळा भाग, इथे मुद्दा एवढाच की संरक्षण खुर्चीला होतं, खुर्ची रिकामी झाली तसं ते गेलं. म्हणजे ताईंच्या मुलीच्या विषयातला सगळ्यात वजनदार शब्द इम्युनिटी नाहीच, 'माजी' आहे.

माजी माणसाची गोष्ट निघालीच तर लांब कशाला जायचं. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला, सोबत मुमताज बेगम होती, इंदूर दरबारातून निघून गेलेली, आणि पकडलेल्या माणसांचे धागे इथे पोचले. इंदूरचे तेव्हाचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यापुढे इंग्रजांनी दोन रस्ते ठेवले, चौकशी आयोग किंवा गादी सोडणं. १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी गादी मुलाकडे दिली. त्यांच्यावर स्वतःवर कधी खटला चालला नाही आणि काही सिद्धही झालं नाही. आता याला कुठला शब्द लावाल? अभय नाही, माफी नाही, संरक्षणही नाही. सौदा.

आणि त्याच राजवाड्यापासून दोन मिनिटांवर आडा बाजार. तिथली दंतकथा इंदूरच्या प्रत्येक पोराने ऐकलीय, की मालेरावाच्या रथाखाली वासरू मेलं, अहिल्याबाईंनी मुलालाही तीच शिक्षा सांगितली, रथ हाकायला कुणी तयार होईना म्हणून स्वतः बसल्या, आणि त्या वासराची आई, तीच गाय पुन्हा पुन्हा रथापुढे आडवी आली, म्हणून आडा बाजार. व्युत्पत्ती म्हणून मी यावर पैज लावणार नाही, अशा गोष्टी बहुतेक नावानंतर जन्मतात. पण गोष्ट सांगणाऱ्यांना काय हवं होतं ते बघा, राणीने मुलाला सोडलं असं त्यांना सांगायचं नव्हतं, सोडवायला गाय आणावी लागली.

तर ताई, वाक्य असं करा: "माजी राष्ट्राध्यक्षांना फौजदारी खटल्यापासून संरक्षण असावं का?" 'मिळाली पाहिजे' पेक्षा 'असावं' बरं, मिळणं म्हटलं की पुन्हा देणारा शोधावा लागतो. भाषणात मात्र तिने शब्द बाजू बघून निवडावा. बाजूने बोलायचं असेल तर शेवटपर्यंत 'संरक्षण' सोडू नये आणि दर वेळी 'पदावर असताना केलेल्या कामांसाठी' हे जोडावं. विरुद्ध बोलायचं असेल तर पहिल्याच मिनिटात 'सात खून माफ' टाकून द्यावं, मग समोरची मुलगी कितीही संरक्षण संरक्षण म्हणो. चिठ्ठीत तिला कुठली बाजू आलीय ते तुम्ही लिहिलंच नाहीये, ते कळवा.