ब्रोकोलीला गड्डाच धरत नाही!

प्रश्न: ताई, मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. मे महिन्यात पर्पल स्प्राउटिंग ब्रोकोलीचं बी टाकलं, आता डिसेंबर आलाय, झाडं कमरेएवढी झालीत पण नुसती पानंच पानं. उपटून टाकू का? आणि पुण्यात आईला गच्चीवर लावता येईल का?

उत्तर: अगं, उपटू नकोस बाई! हिला बाजारातल्यासारखा एक मोठा हिरवा गड्डा येतच नाही, छोटे जांभळे तुरे येतात आणि तेही चांगली थंडी खाल्ल्याशिवाय नाही, त्यामुळे तुमच्याकडे काढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. तोवर काठीचा आधार दे, वाऱ्याने झाड मुळातून हलतं. जाळी तर टाकच, हिवाळ्यात कबुतरं पानांचा पार फडशा पाडतात मेली. मधला तुरा आधी काप, कळ्या घट्ट असतानाच, मग बगलेतून फुटवे येत राहतात, ते सारखे कापत राहायचे, पिवळी फुलं उमलू दिलीस तर नवे फुटवे कमी होतात. शिजल्यावर जांभळा रंग हिरवट होतो, घाबरू नकोस. लसूण-मिरचीवर परतून मस्त लागते, कोवळ्या पानांसकट.

पुण्यात हिला पुरेल एवढी थंडी नाही गं. आईला साधी गड्ड्याची ब्रोकोली ऑक्टोबरमध्ये लावायला सांग.