मध्ययुगात आफ्रिकेतलं माली साम्राज्य इतकं श्रीमंत कशामुळे झालं?

सोनं आणि मीठ यांच्या व्यापारामुळे. सोनं बांबुक आणि बुरे या भागांत सापडायचं. मीठ उत्तरेकडून, सहारातल्या तगाझाच्या खाणींतून उंटांवर लादून यायचं. मधल्या वाटा आणि बाजारपेठा मालीच्या हातात, त्यामुळे खजिना भरत राहिला.

१३५२ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तगाझाला पोचला, तेव्हा तिथली घरं आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची होती, वर छत उंटाच्या कातड्याचं. आसपास झाड एकही नाही! मला हे वर्णन मालीचा सम्राट मन्सा मूसा याच्या श्रीमंतीपेक्षा जास्त बोलकं वाटतं. मूसाचा किस्सा बहुतेकांनी ऐकलेला असतो: १३२४ मध्ये हजला जाताना त्याने कैरोत इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला, आणि सुमारे १२ वर्षांनी अरब इतिहासकार अल-उमरीने लिहिलं तेव्हाही तो सावरला नव्हता.