मे महिना सोसणारं, डिसेंबरच्या रात्री ऐकू न येणारं कॅबिनेट

प्रश्न : व्हिडिओ एडिटिंगसाठी नवा पीसी जुळवतोय. काम रात्रीचं, म्हणून आतून फोम लावलेलं, पुढे बंद दार असलेलं ‘सायलेंट’ कॅबिनेट घ्यायचा विचार आहे. खोलीत कूलर आहे, एसी नाही. जाळीचं कॅबिनेट जास्त आवाज करेल ना? (प्रतापनगर)

जाळीचंच घ्या. समोरची खिडकी बंद असली की कूलर नुसता घोंगावतो आणि खोली चिकचिकते, हे नागपुरात कुणाला सांगायला नको. कॅबिनेटचंही तेच आहे.

हिशेब असा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॅट खात असतील, तर ती सगळी उष्णता हवेनेच बाहेर न्यायची असते. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत १० अंशांचाच फरक राहावा असं वाटत असेल, तर मिनिटाला सुमारे ५७ घनफूट हवा कॅबिनेटमधून खरोखर वाहिली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. बंद दार, बाजूच्या बारीक फटी आणि त्यामागे दाट फिल्टर आला की त्यातला बराच भाग गळतो. मग पंखे वेग वाढवतात आणि फोमने वाचवलेला आवाज तिथेच परत येतो. शिवाय सेंटिमीटरभर जाडीचा फोम फक्त वरच्या पट्टीतली सूं-सूं शोषतो. पंख्याची, डिस्कची खालच्या सुरातली घूं-घूं त्यातून आरपार जाते.

आवाज कमी करण्याचा खात्रीचा उपाय एकच : मोठे पंखे, जास्त संख्येने, संथ. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. एकाचे दोन पंखे केले की तो फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी ६०० फेऱ्यांचे तसेच दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. पुढे १४० मिमीचे दोन आणि मागे एक, एवढं तुमच्या कामाला पुरेल.

आणि खरं सांगायचं तर मे महिन्यात कूलरच्या आवाजात तुमचा पीसी ऐकूच येणार नाही. शांततेची परीक्षा डिसेंबरच्या रात्री, सगळे पंखे बंद असताना होते. तेव्हा खोली २० अंशांच्या आसपास असते आणि जाळीच्या कॅबिनेटातले पंखे ५००-६०० फेऱ्यांवर निवांत फिरतात. म्हणून खरेदी मे महिन्याच्या हिशेबाने करा, शांतता हिवाळ्यात आपोआप मिळेल.

कूलरच्या थेट झोतात मात्र कॅबिनेट ठेवू नका. झोताबरोबर येणारे बारीक तुषार वाळले की पाण्यातले क्षार मागे राहतात, आणि धूळ त्यावर चिकटून बसते. पुढचा फिल्टर मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

प्रश्न : आमचं फर्निचरचं काम आहे. १२ मिमी प्लायचं कॅबिनेट घरीच बनवायचं आहे. मापं आणि काळजी सांगा. प्लायमुळे आत उष्णता कोंडेल का? (नंदनवन)

पंख्यांनी थंड होणाऱ्या कॅबिनेटात पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णता तशीही फार नसते, मुख्य काम हवा करते. हवेची वाट मोकळी असेल तर प्लाय चालतो. उलट आवाजाच्या दृष्टीने तो बराच चांगला. बाजारातल्या स्वस्त कॅबिनेटचा अर्ध्या-पाऊण मिमीचा पत्रा बोटाने टिचकी मारली तर डब्यासारखा वाजतो. १२ मिमी प्लायचं वजन चौरस मीटरला सात-आठ किलो भरतं, ०.६ मिमी पत्र्याचं पावणेपाचच्या आत. जड आणि मऊ फळी थरथरत नाही. सागवानाच्या सलग फळ्या मात्र नकोत. मेमध्ये त्या आकसतात, जुलैत फुगतात आणि बाजूचं दार अडकतं. एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) कूलरचा दमटपणा सोसत नाही. प्लाय घ्या आणि कडा पट्टी लावून बंद करा.

पहिली चूक सगळे मागच्या बाजूला करतात. मदरबोर्डची आयओ पट्टी (मागच्या यूएसबी-ऑडिओच्या जोडण्यांभोवतीचा पत्रा) आणि कार्डांचे धातूचे ब्रॅकेट हे एक मिमीच्या आसपासच्या पत्र्यासाठी बनलेले असतात. १२ मिमी प्लायमध्ये पट्टी खटकन बसतच नाही, आणि कार्ड एक तर स्लॉटपर्यंत पोचत नाही, नाहीतर तिरकं बसतं. म्हणून भंगारवाल्याकडून जुनं एटीएक्स (मदरबोर्डच्या ठरलेल्या प्रमाणित मापाचं) कॅबिनेट उचला, त्याचे रिव्हेट ४ मिमी ड्रिलने फोडा, आणि मदरबोर्डचा ट्रे व मागची भिंत एकत्रच काढून घ्या. एटीएक्सची छिद्रं १९९५ पासून त्याच जागी आहेत, त्यामुळे पंधरा वर्षं जुना ट्रेसुद्धा आजच्या बोर्डला चालतो. नवा ट्रे हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्यायचा असेल, तर आयओचं छिद्र १५८.७५ × ४४.४५ मिमी आणि दोन कार्डांमधलं अंतर २०.३२ मिमी. इथे अर्ध्या मिमीची चूकही पुढे डोकं दुखवते.

पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर बोर्डपासून साधारण १६० मिमी उंच येतो. त्यात बोर्ड ज्यांवर बसतो त्या स्टँडऑफचे साडेसहा मिमी, वर थोडी मोकळीक आणि ट्रेच्या मागे वायरींसाठी २५ मिमी धरा. आतली रुंदी २२० मिमी ठेवलीत तर कुठेच घासाघीस होणार नाही. लांबी ग्राफिक्स कार्डवरून ठरवा : कार्डची लांबी, अधिक पंख्याच्या जाडीचे २५ मिमी, अधिक बोट जाईल एवढी जागा. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) १५० × ८६ मिमी आणि खोली बहुतेक १४०, पण त्यापुढे वायरींच्या वळणाला अजून ५०-६० मिमी लागतात. हे विसरलं की कनेक्टर वाकतात.

१२० मिमी पंख्याला ११६ मिमीचा गोल कापा, चार छिद्रं १०५ मिमी अंतरावर. १४० च्या पंख्याची छिद्रं बहुधा १२४.५ मिमीवर असतात, तरी पंखा हातात घेऊनच खूण करा. पंख्यासोबत आलेले आखूड स्क्रू पातळ पत्र्यासाठी असतात, प्लायमध्ये ते तोंडाशीच संपतात. पंखा २५, प्लाय १२, म्हणून एम४ चा ४५ मिमी बोल्ट घ्या आणि दोन्हीकडे रबरी वॉशर टाका. घट्ट पिळू नका, रबर दाबून सपाट झालं तर त्याचा उपयोगच गेला. पुढची जाळी पंख्याला चिकटवू नका. पाती आणि जाळीत १०-१५ मिमी अंतर नसेल तर पंखा शिट्टीसारखा सूर धरतो, आणि हा सूर आवाजाची पातळी कमी असूनही कानाला टोचतो. गोल कापल्यावर कडा सॅंडपेपरने गोलसर करा. तुमच्याकडे राउटर असेलच, मग पाच मिनिटांचं काम.

शेवटचं, पण न चुकवण्याचं : लाकडी डब्यात अर्थिंग आपोआप होत नाही. ट्रे आणि एसएमपीएसची बॉडी यांच्यामध्ये रंग खरवडून एक हिरवी वायर जोडा.

प्रश्न : अनवाणी असताना पीसीच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलला, तरी तेच. (जरीपटका)

एसएमपीएस बिघडलेला नाही, म्हणून बदलून फरक पडला नाही. त्याच्या आतल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, दाब तरंगत राहतो. करंट अगदी कमी म्हणून झिणझिण्याच येतात, पण त्याच घरात गीझर आणि फ्रीजही आहे हे लक्षात घ्या.

मल्टीमीटरने सॉकेट तपासा. फेज ते अर्थ साधारण २३०, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. फेज ते अर्थ भलतंच कमी दिसलं किंवा आकडा नाचत राहिला, तर अर्थ तुटलेली आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, माती सुकून भेगाळते आणि मार्चपर्यंत नीट असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये ढिली होते. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. तरी सुधारलं नाही तर वायरमनकडून जोड तपासून घ्या. दोन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड वापरत असाल, तर आधी तो फेका.

प्रश्न : सगळे पंखे संथ केले, तरी टेबलातून घूं-घूं येते. पीसीत दोन जुन्या हार्डडिस्क आहेत. (मानेवाडा)

आवाज टेबलातूनच येतोय. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते. ही थरथर पिंजऱ्यातून पत्र्यात आणि पत्र्यातून टेबलाच्या फळीत जाते, आणि फळी तिचा लाउडस्पीकर होते. दोन डिस्कचा वेग किंचित वेगळा असेल तर आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो. तो अधिकच छळतो.

खात्री करायला पीसी घडी घातलेल्या जाड सतरंजीवर ठेवून बघा (खालचे श्वासमार्ग झाकले जाणार नाहीत असे). घूं-घूं गेली, तर रोग सापडला. मग डिस्कचे स्क्रू रबरी बुशमधून बसवा. त्याहून चांगलं म्हणजे शिंप्याकडची रुंद इलास्टिक पट्टी आडवी ताणून डिस्क तिच्यावर झुलती ठेवणं, फक्त ती आडवी किंवा सरळ उभी राहील, तिरपी नाही. इलास्टिक इथल्या उष्णतेत दोन वर्षांत सैल पडतं, बदलत राहा. पीसी उचलून कुठे न्यायचा असेल तर आधी डिस्क काढा. सिस्टीम एसएसडीवर आणि डिस्क फक्त साठ्याला ठेवली, तर ती बहुतेक वेळ झोपलेलीच राहते.

प्रश्न : ब्राउझर उघडला तरी पंखा एकदम घुर्रर्र करतो आणि लगेच शांत होतो. (धरमपेठ)

बायोसमधला (पीसी सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधला) तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारा आलेख बहुतेक ४० अंशांपासून चढायला लागतो. नागपुरात एप्रिलनंतर खोलीच पस्तिशीच्या वर असते, त्यामुळे प्रोसेसर रिकामा असतानाही चढणीवरच उभा असतो. चढण ६० पासून सुरू करा, ८५ ला पूर्ण वेग द्या, आणि प्रतिसादाला पाच-सहा सेकंदांचा विलंब लावा. आजचे प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत चालायला बनलेले असतात, ७५ बघून घाबरू नका. त्यातही वॅटच कमी करता आले तर उत्तम. १०५ वॅटच्या रायझन प्रोसेसरला ६५ वॅटच्या इको मोडवर टाकलं की त्याची कमाल ओढ १४२ वॅटवरून ८८ वर येते, आणि रोजच्या कामात फरक कळतही नाही.

प्रश्न : ऑफिसचा जुना ब्रँडेड पीसी स्वस्तात मिळतोय. त्याच्याच कॅबिनेटात पुढे हळूहळू नवे भाग घालता येतील का? (मनीषनगर)

घेण्याआधी बाजूचं झाकण उघडा. मदरबोर्डला जाणारा मुख्य कनेक्टर २४ पिनांचा नसेल, एसएमपीएस लांबट किंवा विचित्र आकाराचा असेल, किंवा पॉवर बटणाची वायर एकाच मोठ्या प्लगमध्ये गुंफलेली असेल, तर ते कॅबिनेट मॉड्युलर (भाग सहज बदलता येण्याजोगं) नाही. पुढचा प्रत्येक भाग अडेल. पीसी म्हणून घ्यायचा तर घ्या, कॅबिनेट म्हणून त्याची किंमत भंगाराची धरा.