वाचकांचे प्रश्न : बिश्केकमध्ये रशियन का बोलतात?

प्रश्न : माझा भाचा किर्गिझस्तानात बिश्केक येथे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुकानात, बसमध्ये, वसतिगृहात सगळीकडे रशियन ऐकू येते, असे तो सांगतो. देश किर्गिझ लोकांचा, स्वतंत्र होऊन तीन दशके उलटली, तरी ही भाषा का टिकली? तेथील लोक मनाने अजून रशियाकडेच आहेत, असे समजायचे का? आणि भाच्याने कोणती भाषा शिकावी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : लोकांच्या मनाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यातला गैरसमज सर्वत्र आढळतो. बोलीवरून निष्ठा ठरवू नये. आपले नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होते. आजही सीताबर्डीत मराठी गिऱ्हाईक मराठी दुकानदाराशी सहज हिंदीत बोलते आणि त्यावरून त्याच्या मराठीपणाविषयी कोणी शंका घेत नाही. साम्य मात्र इथेच संपते, कारण किर्गिझस्तानात रशियन भाषा ज्या वाटेने आली, ती फार दुःखाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झारच्या साम्राज्याने हा डोंगराळ प्रदेश ताब्यात घेतला आणि भटक्या पशुपालकांच्या कुरणांवर रशियन व युक्रेनी शेतकरी वसवले. १९१६ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, मध्य आशियातील पुरुषांना आघाडीमागच्या मजुरीसाठी सक्तीने नेण्याचा हुकूम निघाला. त्याविरुद्ध उठाव झाला, तो निर्दयपणे चिरडला गेला आणि असंख्य कुटुंबे तियान शान पर्वताच्या खिंडी ओलांडून चीनकडे पळाली. वाटेत किती माणसे दगावली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण किर्गिझ माणूस ही आठवण आजही ‘उर्कुन’ या नावाने जपतो.

सोव्हिएत काळात साक्षरता झपाट्याने वाढली, शाळा आणि दवाखाने उभे राहिले, हे मान्य केलेच पाहिजे. त्याच काळात किर्गिझ भाषेची लिपी मात्र प्रथम अरबीवरून लॅटिन आणि मग १९४० च्या सुमारास रशियनसारखी सिरिलिक करण्यात आली, म्हणजे आजोबांचे हस्ताक्षर नातवाला वाचता येईना. १९३८ मध्ये सर्व गैररशियन शाळांत रशियन सक्तीची झाली. १९४१ मध्ये जर्मन आक्रमणानंतर पश्चिमेकडील कारखाने कामगारांसह इकडे हलवण्यात आले, आणि स्टालिनच्या राजवटीने जर्मन, चेचेन, कराचाय, बल्कार अशा समूहांना घरादारांवरून उठवून मध्य आशियात आणून टाकले. या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला रशियनखेरीज दुसरी भाषा नव्हती. बिश्केकचे नावही तेव्हा एका बोल्शेविक सेनापतीवरून फ्रुंझे असे होते. १९८९ च्या जनगणनेत प्रजासत्ताकात किर्गिझ लोक जेमतेम ५२ टक्के होते आणि ते प्रामुख्याने खेड्यांत राहत. शहर रशियन बोलत होते, आणि ज्याला शहरात नोकरी हवी, त्याला ती भाषा शिकावीच लागे.

आता रशियनांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उरले आहे, तरी भाषा टिकली, याचे मुख्य कारण माझ्या मते पोटापाण्याचे आहे. लाखो किर्गिझ तरुण मॉस्कोसारख्या शहरांत बांधकामावर, टॅक्सीवर, साफसफाईच्या कामावर जातात. त्यांनी घरी पाठवलेला पैसा काही वर्षांत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहूनही अधिक भरला आहे. त्यामुळे खेड्यातील आईलाही आपल्या मुलाला रशियन यावी असे वाटते. राज्यघटनेने किर्गिझला राज्यभाषेचा आणि रशियनला अधिकृत भाषेचा दर्जा दिलेला आहे. २०२३ मध्ये अधिकाऱ्यांना किर्गिझ येणे बंधनकारक करणारा आणि प्रसारणात तिचा वाटा वाढवणारा कायदा झाला, तेव्हा मॉस्कोतून नाराजीचे सूर उमटले. तरीही तो कायदा मागे घेतला गेला नाही. रशियन बोलणारा देश मॉस्कोचे सगळेच ऐकतो असे नाही, हे यावरून दिसावे.

भाच्याविषयी. त्याचा अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी रुग्ण इंग्रजी बोलणार नाही. बाजार, कार्यालये आणि रुग्णालयातील कर्मचाऱ्यांशी व्यवहार यांसाठी त्याने रशियन आताच नीट शिकावी. प्राध्यापकांना नाव आणि पितृनाम जोडून हाक मारण्याची रीतही शिकावी, ती न पाळणे उद्धटपणाचे मानतात. परंतु नारिनसारख्या डोंगराळ भागातून आलेली म्हातारी आपले दुखणे किर्गिझमध्येच सांगेल, आणि दक्षिणेतील ओशमध्ये उझबेकही कानावर पडेल. वॉर्डात जाण्याची वेळ येण्यापूर्वी शरीराचे अवयव, वेदना, ताप, कधीपासून, किती, एवढे शब्द त्याने किर्गिझमध्ये पाठ करावेत. वयाने मोठ्या पुरुषाला ‘बाइके’ आणि स्त्रीला ‘एजे’, म्हणजे दादा आणि ताई, असे म्हणावे; रशियनमध्ये बोलतानाही तेथील माणसे ही संबोधने सोडत नाहीत.