एसटीने सिंधुदुर्ग, पहिल्यांदाच

पहिल्याच फेरीच्या यादीत सात दिवसांत नऊ गावं लिहिलीत? निम्म्याहून जास्त आधी खोडा. सावंतवाडी, कुडाळ, मालवण एवढं पुरे.

सावंतवाडीत चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात, राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) रंगवणारे कारागीर बसतात. नुसते फोटो काढून निघू नका, शेजारी बसून बघा. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथे मात्र आधी फोन करून जा. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढताना दिसली, तर विचारून दोरीला हात लावा. सहसा कोणी नाही म्हणत नाही, तळहात मात्र सोलवटतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- परतीची शेवटची गाडी न विचारता आतल्या गावात शिरतात. मोबाइलवरच्या वेळा सोडा, चौकशी खिडकीवर विचारा, मग कंडक्टरलाही. संध्याकाळची ‘वस्तीची गाडी’ गावातच मुक्काम करते, सकाळीच परत फिरते.
- एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास (४ किंवा ७ दिवसांचा) पहिल्याच फेरीत घेतात आणि पैसे वसूल करायला दिवसभर गाडीतच बसतात.
- सुट्टे पैसे नसतात.

आरक्षण, निमआराम वगैरे नंतर बघू. पाठीवर मावेल तेवढंच सामान घ्या आणि निघा.