दोन्ही किडन्यांत गाठ : थ्रीडी मॉडेल कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. अंघोळ घालताना पोटाला टणक लागलं म्हणून दाखवलं, तर दोन्ही किडन्यांत विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा किडनीचा कॅन्सर, निघाला. केमोचे सहा आठवडे संपत आलेत. सर्जन म्हणतात, परत सीटी करू, त्यावरून थ्रीडी मॉडेल बनवू, मग ऑपरेशन ठरवू. फिल्म आहेतच, तर मॉडेल कशाला? लेकराला पुन्हा किरणं नकोशी वाटतात. आणि किडन्या वाचतील का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, लहान मुलांच्या ऑपरेशनांत माझी बावीस वर्षं गेली. विल्म्सची कितीतरी मुलं अशीच आईच्या हाताला गाठ लागल्यामुळे माझ्यापर्यंत आली. तुम्ही लगेच दाखवलंत, फार चांगलं केलंत.

हा आजार साधारण १०,००० मुलांत एखाद्याला होतो, आणि त्यातही दोन्ही बाजूंना म्हणजे अगदीच थोड्यांना. एकीकडेच गाठ असली की बहुतेक वेळा आम्ही ती किडनी काढतो. दुसरी आयुष्यभर पुरते. तुमच्या मुलीसाठी ती वाट नाही. गाठ पूर्ण निघाली पाहिजे आणि चांगला भाग मागे राहिला पाहिजे, दोन्ही बाजूंना.

इथे खरी अडचण रक्तवाहिन्यांची असते. किडनीच्या मुख्य धमनीला आत शिरताना फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदी आपापल्या भागालाच रक्त देते. एक फांदी तुटली तर शेजारची तिचं काम करत नाही. तेवढा भाग मरतो. फिल्मवर ही फांदी एका चित्रात ठिपक्यासारखी दिसते, पुढच्या चित्रात सरकते, मग गाठीमागे जाते. एकेक मिलिमीटरची शेकडो चित्रं डोक्यात जोडायची असतात. मॉडेलसाठी रेडिओलॉजिस्ट संगणकावर चित्रागणिक गाठ, निरोगी किडनी, धमनी, शीर आणि लघवी गोळा होणारी पोकळी वेगवेगळ्या रंगांत आखून घेतात. त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर मॉडेल छापतात, मग ते वळवून मागून पाहता येतं. एका मुलाच्या मॉडेलमध्ये गाठ पिवळी होती आणि खालच्या टोकाकडे जाणारी बारीक लाल फांदी तिला वळसा घालून गेली होती. बोट फिरवलं तेव्हा कळलं की समोरून कापलं असतं तर ती पहिल्याच फटक्यात गेली असती. आम्ही मागच्या बाजूने शिरलो.

किरणांचं म्हणाल, तर मॉडेलसाठी वेगळा सीटी नसतो. केमोनंतर गाठ किती आटली हे बघायला तपासणी करावीच लागते, मॉडेल तिच्यातूनच निघतं. काही ठिकाणी एमआरआय करतात, त्यात क्ष-किरण नसतात. तुमच्याकडे तो चालेल का, हे जरूर विचारा.

जुन्या फिल्मवर मात्र मॉडेल करू देऊ नका. सुरुवातीच्या काळात आम्ही एका मुलीचं मॉडेल केमोच्या आधीच्या सीटीवरून केलं होतं. पोट उघडलं तर गाठ निम्म्यावर आलेली, दाबलेली धमनी भलतीकडेच. मॉडेल बाजूला ठेवून हातानेच शोधत जावं लागलं, ऑपरेशन दोन तास लांबलं. मुलगी सुखरूप आहे, पण तेव्हापासून सीटीची तारीख पाहिल्याशिवाय मी मॉडेल हातात घेत नाही.

छापलेलं मॉडेलच हवं असंही नाही. खर्च पेलत नसेल तर पडद्यावर फिरवता येणारं चित्रही पुष्कळदा पुरतं. थ्रीडी स्लाइसरसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नीट आखायला जाणता माणूस हवा, एवढंच. आखण्यात चूक झाली तर मॉडेल सुबक दिसेल आणि खोटं असेल.

किडन्या वाचतील का? दोन्ही बाजूंच्या विल्म्समधूनही आज बहुतेक मुलं बरी होतात, आणि पुष्कळांच्या दोन्हीकडे कामापुरती किडनी राखता येते. तुमच्या मुलीची किती राहील हे मी इथून सांगणार नाही. गाठ वाहिनीला नुसती टेकली आहे की चिकटली आहे, हे मॉडेललाही सांगता येत नाही. ते पोट उघडल्यावर बोटांना कळतं. म्हणून सर्जननी ऐनवेळी बेत बदलला तर घाबरू नका.

पुढच्या भेटीला मुलीच्या बाबांना सोबत न्या. मॉडेल तयार झालं की हातात मागून घ्या आणि दोन्ही बाजूंना काय ठेवणार, काय काढणार, हे त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. कोणती बाजू आधी करणार, दोन्ही एकाच दिवशी की वेगवेगळ्या, हेही तेव्हाच विचारून घ्या.